घरातल्या मोबाईल-नेटचा खर्च कसा उतरवायचा: नव्याने मदतीला लागलेल्यांसाठी

बचतगटाच्या ताई, शाळेतले शिक्षक, सेवा केंद्र चालवणारे, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते यांच्याकडे लोक हमखास एक प्रश्न घेऊन येतात: "रिचार्ज परवडत नाही, सरकारची काही योजना आहे का?" उत्तर आधीच माहीत असलेलं बरं. गरीब कुटुंबाच्या खात्यात दरमहा मोबाईल किंवा इंटरनेटसाठी पैसे टाकणारी केंद्र सरकारची योजना भारतात नाही. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून सार्वत्रिक सेवेसाठी जो वाटा जमा होतो, तो पूर्वी यूएसओ फंड होता, आता त्याला 'डिजिटल भारत निधी' म्हणतात. तो पैसा टॉवर आणि फायबर उभारण्यावर जातो, घरोघरी वाटला जात नाही. म्हणून 'सरकारकडून तीन महिने मोफत रिचार्ज, लिंकवर क्लिक करा' असा मेसेज आला की तो फसवणुकीचाच समजा.

भरायला अर्जच नसेल तर मदत करायची कशी? घराचा हिशेब मांडून आणि ट्रायचे (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या नियामक प्राधिकरणाचे) नियम वापरून. बहुतेक घरांत पैसा वाया जातो तो चुकीचा पॅक, चुकीचा फोन किंवा विसरलेलं सिम यांच्यापायी.

आधी यादी, मग रिचार्ज

घरातली सगळी सिम एका कागदावर घ्या. प्रत्येक सिमपुढे लिहा: नंबर, कोणाच्या नावावर आहे, फोन बटणाचा की स्मार्ट, शेवटचं रिचार्ज किती रुपयांचं आणि किती दिवसांचं, त्या नंबरला काय काय जोडलंय (बँक, आधार, गॅस, रेशन, शाळा) आणि दिवसाला खरोखर किती नेट लागतं. शेवटचा आकडा अंदाजाने लिहू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या डेटा वापराचं पान असतं, तिथे महिन्याचा आकडा दिसतो. त्याला तीसने भागा. दिवसाला दीड जीबीचा पॅक मारणाऱ्याचा वापर अर्धा जीबीसुद्धा नसतो, असं पुष्कळदा निघतं.

नंतर 'संचार साथी' या केंद्राच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जाऊन आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहा. मोबाईल नंबर टाकून ओटीपी दिला की यादी येते. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नाही' आणि नको असलेला दिसला तर 'गरज नाही' असं तिथेच नोंदवता येतं. एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ६). ही मर्यादा ओलांडल्यास २०२३च्या दूरसंचार कायद्यात पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. रस्त्यावरच्या छत्रीखाली सिम घेताना 'थंब नीट आला नाही, परत लावा' म्हणून दोनदा अंगठा घेतात आणि त्याच माणसाच्या नावावर दुसरं सिम काढतात. अनोळखी नंबर पुष्कळदा असाच तयार झालेला असतो. तेव्हा यादी बघणं टाळू नका.

२८ दिवसांचं गणित

२८ दिवसांच्या पॅकने वर्ष काढायचं तर बारा नाही, तेरा रिचार्ज लागतात. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. समजा पॅक २९९ रुपयांचा आहे. घरातला माणूस 'महिन्याला तीनशे, म्हणजे वर्षाला साडेतीन हजार' असं धरतो. प्रत्यक्षात ३,८८७ रुपये जातात. अशी चार सिम असतील तर १५,५४८. (इथल्या रकमा उदाहरणादाखल आहेत. जुलै २०२४मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले आणि पुढेही ते बदलत राहणारच, पण पद्धत तीच.)

म्हणून पॅकची तुलना नेहमी दिवसाच्या दराने करा: किंमत भागिले दिवस. २९९ भागिले २८ म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे. दुकानदार सांगेल त्या प्रत्येक पॅकला हा भागाकार लावा. ट्रायच्या २०२२च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि निदान एक दर महिन्याच्या ठराविक तारखेला येणारा पॅक ठेवावाच लागतो. पगार ठराविक तारखेला होणाऱ्याला तारखेचा पॅक सोयीचा पडतो, पण दिवसाचा दर तपासल्याशिवाय घेऊ नका. सगळ्या कंपन्यांचे दर एकत्र बघायला ट्रायचं टॅरिफ पोर्टल आहे. तिथे आपलं सर्कल (कंपन्यांच्या सेवेचा विभाग) निवडून शोधता येतं.

बटणाच्या फोनला नेटचा पॅक कशाला?

सगळ्यात मोठी गळती इथे असते. आजीचा बटणाचा फोन, त्यावर फक्त मुलीचा फोन येतो आणि बँकेचा ओटीपी. तरी रिचार्ज मात्र दिवसाला दीड जीबीचं. म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी विकत घेऊन रोज रात्री बारा वाजता फुकट घालवायचे, कारण रोजचा कोटा दुसऱ्या दिवशी मिळत नाही.

ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती केली. तेव्हापासून प्रत्येक कंपनीला फक्त कॉल आणि एसएमएस असलेला, नेट नसलेला निदान एक खास व्हाउचर द्यावाच लागतो. अशा व्हाउचरची मुदतही पूर्वी ९० दिवसांपर्यंतच असायची, आता ती ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. जानेवारी २०२५पासून हे पॅक बाजारात आहेत, बहुतेक तीन महिन्यांच्या आसपासचे किंवा वर्षाचे. ॲपमध्ये ते पहिल्या पानावर सापडायचे नाहीत, खाली कुठल्यातरी टॅबमध्ये असतात. दुकानातही आपणहून कोणी दाखवेल याची खात्री नाही. 'नेट नको, फक्त कॉलिंगचा, लांब मुदतीचा दाखवा' असं स्पष्ट मागा.

अडचण असते ती एकरकमी पैशाची. गरीब घर महाग पॅक मारतं, कारण स्वस्त पॅकला पैसे आधी लागतात. बचतगट असेल तर इथे त्याचा खरा उपयोग होतो. समजा वर्षाचा कॉलिंग पॅक १,८०० रुपयांना आहे आणि सध्या आजी दर २८ दिवसांनी १९९चं रिचार्ज मारते. वर्षाला २,५८७ जातात. गटातून १,८०० रुपये अंतर्गत कर्ज काढलं, महिना दोन टक्के व्याज आणि सहा महिने ३००-३००ची परतफेड, तर एकूण व्याज १२६ रुपये होतं. ते वजा जाता ६६१ रुपये उरतात, आणि मधल्या काळात नंबर बंद पडण्याची भीती राहत नाही. नोंदवहीत कर्जाचं कारण 'रिचार्ज' असं लिहायला संकोच करू नका.

ही चैन ज्यांना अजिबात जमणार नाही, त्यांनी निदान नंबर जिवंत ठेवण्याचा नियम लक्षात ठेवावा. प्रीपेड नंबरवर सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही, कॉल नाही, एसएमएस नाही, नेट नाही, तरच कंपनी तो बंद करू शकते. त्या दिवशी मुख्य बॅलन्स २० रुपये किंवा जास्त असेल तर २० रुपये कापून आणखी ३० दिवस नंबर राखावा लागतो, आणि बॅलन्स असेपर्यंत हे चालू राहतं. बॅलन्स कमी असेल तर बंद झाल्यावर १५ दिवसांत २० रुपये भरून नंबर परत मिळवता येतो. लोक इथे एक गफलत करतात: हा बॅलन्स म्हणजे टॉकटाइमचा, पॅकचा नाही. पॅक मारला तरी मुख्य बॅलन्स शून्य असू शकतो. शिवाय या सवलतीने नंबर तुमचा राहतो एवढंच. पॅक संपल्यावर आउटगोइंग लगेच बंद होतं आणि इनकमिंग किती दिवस चालेल ते कंपनी ठरवते.

बंद पडलेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत, नंतर देतात. बँक आणि आधारला तोच जोडलेला असेल तर तुमचे ओटीपी परक्याच्या फोनवर जातील. सिम सोडायचंच असेल तर आधी बँकेत आणि आधार केंद्रावर नंबर बदला, व्हॉट्सॲपचाही बदला, आणि मगच सोडा.

एका घरात नेटचं सिम किती हवं

चार जणांच्या घरात चारही सिमवर नेट असायची गरज क्वचित असते. जो सर्वात जास्त वेळ घरी असतो त्याच्या सिमवर मोठा डेटा पॅक आणि बाकीच्यांना कॉलिंगचा पॅक, घरी आल्यावर हॉटस्पॉट. दहावीतल्या मुलीला संध्याकाळी दोन तास नेट लागतं आणि आई त्या वेळी घरी असते, तर आईच्या फोनवरून भागतं. बाहेरगावी कामाला गेलेल्या माणसाचं सिम मात्र या वाटणीत धरू नका, त्याला स्वतःचं नेट लागेल.

किती लागतं याचा ढोबळ अंदाज: यूट्यूब ३६०पी दर्जावर तासाला सुमारे ३०० एमबी, ७२०पीवर एक जीबी किंवा त्याहून जास्त. अभ्यासाचा व्हिडिओ ३६०पीवर व्यवस्थित दिसतो, फळ्यावरची बारीक अक्षरं वाचायची असतील तेवढ्यापुरतं ४८०पी करा. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा, प्ले स्टोअरचं अपडेट 'फक्त वायफायवर' ठेवा. गावच्या ग्रुपवरचे शुभ सकाळचे व्हिडिओच रोज कोट्याचा मोठा तुकडा खातात! रोजचा कोटा संपल्यावर वेग साधारण ६४ केबीपीएसवर येतो. मेसेज जातात, व्हिडिओ चालत नाही. 'नेट बंद पडलं' म्हणून लगेच टॉप-अप मारण्याआधी बारा वाजेपर्यंत थांबता येईल का ते विचारा.

फोन घेताना

बटणाचा जुना टूजी फोन असेल आणि त्यात जिओचं सिम टाकलं तर नेटवर्कच येणार नाही, कारण जिओकडे टूजी नाही. तिथे फोरजी व्होल्टी (फोरजीवरूनच कॉल लावणारा) फोनच लागतो. एअरटेल आणि व्हीआयचं (व्होडाफोन-आयडिया) टूजी अजून चालू आहे. जिओभारतसारखे स्वस्त फोरजी बटणाचे फोन जिओच्याच सिमवर चालतात. पुढे नंबर दुसऱ्या कंपनीत नेला की तो फोन निरुपयोगी, हे घेणाऱ्याला आधीच सांगा.

बीएसएनएल स्वस्त म्हणून तिकडे जायचं असेल तर फोन बघून घ्या. बीएसएनएलचं फोरजी ७०० मेगाहर्ट्झ (बँड २८) आणि २१०० मेगाहर्ट्झ (बँड १) यांवर आहे. भिंतीच्या आत पोहोचतो तो बँड २८. बऱ्याच जुन्या फोरजी फोनमध्ये तो नाही, मग अंगणात रेंज आणि घरात शून्य. फोनच्या मॉडेलचे बँड कंपनीच्या पानावर सापडतात.

जुना फोन विकत घेताना पैसे देण्यापूर्वी *#०६# डायल करा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक येईल, दोन सिमच्या फोनमध्ये दोन येतील. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून, हा आकडा १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात काळ्या यादीतला, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असलेला असं आलं तर तो फोन हातात धरू नका, चोरीचा किंवा बनावट असण्याची शक्यता असते. खोक्यावरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळतो का तेही पाहा. फोन घेतल्यावर नेट चालतंय पण कॉल लागत नाही, अशी तक्रार आली तर बहुधा सिमच्या सेटिंगमधलं व्होल्टी बंद असतं.

नंबर तोच, कंपनी दुसरी

पोर्ट करण्याआधी रेंज तपासा, दरापेक्षा ती महत्त्वाची. कंपन्यांना आता आपापल्या संकेतस्थळावर टूजी-फोरजी-फाइव्हजीचा नकाशा द्यावा लागतो. नकाशा बाहेरची रेंज दाखवतो. पत्र्याच्या घरात ती बरीच घटते. शेजाऱ्याचं त्या कंपनीचं सिम दहा मिनिटं आपल्या घरात, जिथे फोन ठेवता तिथेच, चालवून बघणं हाच खात्रीचा उपाय.

मग क्रम असा:

१. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पोर्ट, एक जागा, दहा आकडी नंबर, असा एसएमएस त्याच सिमवरून १९०० वर पाठवा. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जायला हवा, तसा ट्रायचा २०२१चा आदेश आहे.

२. आठ अक्षर-अंकांचा यूपीसी, म्हणजे पोर्टिंगचा कोड येईल. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. येत नसेल तर कारण बहुधा यांपैकी एक: सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नाहीत, पोस्टपेडचं बिल बाकी आहे, नाव बदलाची प्रक्रिया चालू आहे, किंवा गेल्या सात दिवसांत सिम बदललं आहे.

३. कोड आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. सिम ज्याच्या नावावर, तोच माणूस लागतो. आधारच हवं असं नाही, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवानाही चालतो. पोर्टचं शुल्क ६ रुपये ४६ पैसे आहे. दुकानदार शे-दोनशे मागत असेल तर ते कशाचे ते विचारा, पहिल्या रिचार्जचे असू शकतात.

४. त्याच सर्कलमध्ये तीन, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच कामाचे दिवस लागतात. मुंबई आणि महाराष्ट्र ही दोन वेगळी सर्कल आहेत. नवी मुंबई, कल्याण मुंबईत मोडतात, पुणे-नाशिक महाराष्ट्रात. मन बदललं तर २४ तासांच्या आत १९०० वरच रद्दचा एसएमएस करता येतो.

५. बदलाची तारीख-वेळ मेसेजने कळते. त्या वेळी जुन्या सिमचं नेटवर्क जातं, जास्तीत जास्त चार तास. मग नवं सिम घाला.

जुन्या सिमवरचा बॅलन्स आणि उरलेला पॅक बुडतो, म्हणून पॅक संपायला दोन-चार दिवस असतानाच अर्ज करा. नवं सिम लागल्यावर सुरुवातीचा एक दिवस एसएमएस न येण्याची शक्यता धरा. अनुदानाचं केवायसी, परीक्षेचा फॉर्म असं ओटीपीचं काम त्या दिवशी ठेवू नका. आणि पुढचे ९० दिवस परत पोर्ट करता येणार नाही.

घरची लाइन आणि सार्वजनिक वायफाय

घरात रोज नेट वापरणारे चार-पाच जण असतील तर फायबर परवडू शकतं. जाहिरातीतला दर बहुतेक जीएसटी सोडून असतो: ३९९ दिसले तर १८ टक्के धरून ४७० रुपये ८२ पैसे. जोडणीचं शुल्क, राउटरचं डिपॉझिट आणि ते परत कधी मिळणार, हे पावतीवर लिहून घ्या. वीज गेली की राउटर बंद, म्हणजे नेटही बंद. भारनियमन असलेल्या भागात राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट-अँपिअर बघून (बहुतेक १२ व्होल्ट) त्याला जुळणारा छोटा यूपीएस लागतो, तो खर्चही धरा. फायबर जोडलेल्या पेटीवर 'लॉस'चा लाल दिवा लागला तर फायबर तुटलीय किंवा जास्त वाकलीय. राउटर बंद-चालू करून उपयोग नाही, लाइनमनलाच बोलवा.

एक लाइन घेऊन चार घरांत वाटणं बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. कायदेशीर वाट आहे पीएम-वाणी. डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत चहावाला, किराणा दुकानदार किंवा बचतगट सार्वजनिक वायफाय चालवू शकतो, परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नाही. एक ब्रॉडबँड जोडणी, पीएम-वाणीला चालणारं वायफायचं यंत्र आणि नोंदणीकृत ॲग्रिगेटरशी (अशी अनेक दुकानं एकत्र जोडणाऱ्या कंपनीशी) करार लागतो. मग छोट्या रकमेची व्हाउचर विकता येतात. पूर्वी कंपन्या अशा दुकानांना महागड्या लीज लाइनचा (फक्त त्याच ग्राहकासाठी राखलेल्या जोडणीचा) आग्रह धरत, म्हणून योजना रेंगाळली. जून २०२५मध्ये ट्रायने मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त दर अशा दुकानाला लावता येत नाही. वस्तीच्या मधोमध दुकान असेल तरच हे जमतं, कारण पत्रे आणि भिंती मध्ये आल्या की वायफाय काही घरांपलीकडे जात नाही.

गावात भारतनेट या केंद्राच्या योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे का आणि त्यावरून घरांना जोडणी देणारा कोणी आहे का, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा. पेटी बसवलेली पण बंद, असं दिसलं तर विजेची जोडणी की तुटलेली फायबर हे आधी शोधा, कारण दाद मागायची जागा त्यावर ठरते.

पैसे कापले गेले तर

न मागता कॉलर ट्यून, क्रिकेट, राशिभविष्य अशी सेवा चालू होऊन पैसे जात असतील तर १५५२२३ वर फोन करून ती बंद करा. नेट चुकून चालू-बंद होत असेल तर १९२५ वर. कटकटीच्या जाहिरातींसाठी १९०९.

तक्रार आधी कंपनीच्या १९८ वर करा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो नसेल तर पुढे काहीच करता येत नाही. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला शुल्क नाही. त्यानंतर केंद्राचं सार्वजनिक तक्रार पोर्टल. ट्रायकडे वैयक्तिक तक्रार पाठवण्यात वेळ घालवू नका, ट्राय ती सोडवत नाही. पैसे कुठे गेले याचं भांडण असेल तर प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार वापर मागता येतो. त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि तो कागद जोडलेलं अपील सहसा टोलवलं जात नाही.